पेशंटकाका

"काका, नेमकं कुठे दुखतंय? बोट ठेवून दाखवा बरं."

पेशंटकाकांनी पोटाच्या उजव्या बाजूला, खाली बोट ठेवलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. सकाळपासून त्यांचं पोट दर घंटेला नव्याने दुखायला लागत होतं. समोरची परिचारिका नवखी होती, घाबरलेली होती. तिने हात धुतले, विचारून मगच पोट हलकेच दाबलं. काका "आई गं!" म्हणाले. इतक्या मनापासून म्हणाले की ती पोरगी दचकून "सॉरी, सॉरी" करत मागे सरली आणि कोपऱ्यातल्या परीक्षकांनी हसू लपवायला खोकल्याचं नाटक केलं.

घंटा वाजली. पोरगी गेली. काकांनी उशीखालचा टॅब काढला. स्वतःचं नाव सांगितलं का? हात धुतले का? बोलताना पेशंटकडे पाहिलं का? तीन ठिकाणी बोट टेकवलं, पांघरूण सारखं केलं आणि पुढच्या पोटदुखीची तयारी करून ते पडून राहिले.

नवा नियम आला होता. नोकरी कितीही जुनी असो, प्रत्येक परिचारिकेने कौशल्याचं मानांकन घ्यायचं, नाहीतर वॉर्ड सोडून भांडारात चादरी मोजत बसायचं. त्याची परीक्षा हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत व्हायची आणि परीक्षेला खोटे पेशंट लागायचे. काका त्यातले सगळ्यांत जुने. त्यांचं खरं नाव तिथे कुणी घेत नसे.

त्यांची सगळी नोकरी पाण्याचे मीटर वाचण्यात गेली होती. दार उघडायचं, "मागच्या बाजूला आहे" असं कुणीतरी म्हणायचं आणि दार लागायचं. घरातलं बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती दोघांच्याही वाटचं बोलायची. भांडणसुद्धा दोन्ही बाजूंनी एकटीच करायची आणि समेटही तीच घडवून आणायची. काकांनी अधूनमधून "हं" म्हटलं की झालं. ती गेल्यावर ते "हं" कुणाला म्हणायचं हा प्रश्नच होता. मुलगी दूर परदेशात. सुट्टीच्या दिवशी तिचा फोन यायचा. "जेवलात ना बाबा?" "जेवलो." मग दोघांनाही पुढचं सुचत नसे.

इथे मात्र एकामागून एक माणसं आत येत, डोळ्यांत बघत आणि विचारत, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, झोप लागते का. हे सगळं मार्कांसाठी चाललंय हे काकांना काय कळत नव्हतं? तरी बरं वाटायचं. "घरी कोण कोण असतं?" या प्रश्नाचं उत्तर त्यांना लिहून दिलेलं होतं: बायको, दोन मुलं, सून. ते उत्तर काका चवीने द्यायचे आणि कधीकधी त्यात पदरचा एक नातूही घालायचे.

मधल्या सुट्टीत परीक्षा सांभाळणाऱ्या मॅडम धावत आल्या.

"काका, तेवढं माझं एक काम करा. पाच नंबरच्या खोलीतले गृहस्थ आलेच नाहीत. तापाने फणफणलेत."

"खरोखरचा ताप?"

"अहो, खरोखरचा! तुम्ही बसा ना तिथे. पेशंट नाही, नातेवाईक व्हायचंय. बायको गेल्याची बातमी सिस्टर देणार, तुम्ही ऐकायची. बोलायचं फारसं नाही. एकच प्रश्न विचारायचा, शेवटी तिच्याजवळ कोणी होतं का? डोळ्यांत पाणी आलं तर उत्तमच."

मॅडमना माहीत नव्हतं. काकांनी ते तिथे कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

पाच नंबरच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि छताच्या कोपऱ्यात कॅमेरा. परीक्षक पलीकडच्या खोलीत पडद्यावर बघत बसायचे. काका खुर्चीत टेकले. याच हॉस्पिटलात, पुढच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर त्यांची बायको होती. भर दुपारी ते औषधं आणायला खाली गेले होते. लिफ्टला गर्दी होती म्हणून जिन्याने वर आले, तर खाटेभोवती पडदा ओढलेला. एक परिचारिका टॅब घेऊन उभी होती. तिने मान वर केली नाही.

"अकरा नंबरचे तुम्हीच ना? इथे सही करा."

"कसली?"

"बॉडी ताब्यात घेतल्याची. बोटाने करा."

काकांनी बोट फिरवलं. हाताला घाम होता, बोट काचेवरून घसरलं.

"उमटली नाही. परत करा."

काकांनी परत केली. बायको गेल्याचं त्यांना असं कळलं होतं.

पाच नंबरला पहिली जी आली तिने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "आपणांस कळवण्यास अत्यंत खेद होतो," हे तिने इतक्या स्पष्ट उच्चारांत म्हटलं की पुढे ती गाडी कितव्या फलाटावर येणार तेही सांगेल असं काकांना वाटलं. दुसरीने काही बोलण्याआधीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शेवटी जवळ कोणी होतं का, असं विचारल्यावर दोघीही लगबगीने म्हणाल्या, "हो हो, आम्ही सगळे होतो ना काका!" पुढच्याही तेच म्हणाल्या. त्या खाटेभोवती केवढी दाटी झाली असेल, काकांच्या मनात आलं.

मग टॅबवर एक नाव उमटलं. नावापुढे 'तिसरा प्रयत्न' असा शेरा होता. दार उघडून एक वयस्क परिचारिका आत आली.

"काका, मी इथे बसू का?"

काकांनी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. तेव्हा तिची नजर टॅबवर होती आणि त्यांची स्वतःच्या बोटावर. पण तो आवाज ते कसा विसरतील? 'उमटली नाही, परत करा' म्हणणारा तो आवाज तेव्हापासून त्यांच्या घरातच राहायला आला होता.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. काकांना तिने ओळखलं नाही. असे अकरा नंबर तिच्या नोकरीत किती झाले असतील.

"तुमच्याबरोबर कोणी आलंय का?"

"नाही."

"काका, बातमी वाईट आहे." ती क्षणभर थांबली. "तुमच्या मिसेस गेल्या."

आणि ती गप्प झाली. आधीच्या सगळ्याजणी गप्प बसल्या तेव्हा त्या मनात आकडे मोजत असल्याचं कळत होतं. ही मोजत नव्हती. मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत बसली होती. धुऊन धुऊन त्या हातांची कातडी तडकली होती.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आला तो राग. इतका राग आपल्यात होता हेच त्यांना ठाऊक नव्हतं. उठावं आणि म्हणावं, बाई, आता येतंय होय बसायला? आता बरे शब्द सुचतायत? पण तोंडातून बाहेर पडला तो लिहून दिलेलाच प्रश्न, फक्त आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"शेवटी तिच्याजवळ कोणी होतं का?"

तिने मान वर केली. आता 'सगळे' ऐकायला मिळणार म्हणून काका मन घट्ट करून बसले.

"माहीत नाही, काका," ती म्हणाली. "होतं असं सांगायचं असतं. मागच्या वेळीही मला ते जमलं नाही. वॉर्डभर मिळून आम्ही दोघी असतो. मी त्या टोकाला कुणालातरी सलाईन लावत असते आणि या टोकाला येते तेव्हा माणूस गेलेलं असतं. किती वेळ झाला तेही कळत नाही. नातेवाईक विचारतील याचीच धास्ती वाटते. म्हणून मी नुसती सही घ्यायचे आणि पुढे व्हायचे. वर बघायचेच नाही."

छतातल्या कॅमेऱ्याचा बारीक दिवा लुकलुकत होता. तिला त्याचं भान नव्हतं.

"मी औषधं आणायला गेलो होतो," काका म्हणाले. हे कुठेच लिहून दिलेलं नव्हतं. "लिफ्टला गर्दी होती. जिन्याने आलो."

"तुम्ही त्यांच्यासाठीच गेला होतात ना," ती म्हणाली.

घंटा वाजली.

काकांनी टॅब उचलला. बसून बोलली का? हो. सरळ शब्दांत सांगितलं का? हो. नातेवाइकाच्या शंकेचं समाधान केलं का? काका थबकले आणि 'नाही'वर बोट टेकवलं. तळाशी शेवटचा प्रश्न होता: अशी बातमी पुन्हा ऐकायची वेळ आली, तर ती याच परिचारिकेकडून ऐकायला तुम्हाला आवडेल का? आवडेल म्हणे! कुणी लिहिला असेल हा शब्द? पुढची उमेदवार दाराशी येऊन चुळबुळ करत होती. टॅबची काच काळवंडायला लागली तसं त्यांनी 'हो' दाबलं.

परीक्षा संपल्यावर ती बाहेर पाण्याच्या पिंपाशी उभी होती.

"काका, तुम्ही नाटकात होता का हो?"

"छे. पाण्याचे मीटर वाचायचो."

"काय सांगता! मला तर खरंच वाटलं सगळं." ती कसंनुसं हसली. "माझं काही खरं नाही. परत लटकले बहुतेक."

अकरा नंबर, एवढे दोनच शब्द पुरे होते. ते काकांच्या ओठांवर आलेही. तेवढ्यात तिने वाकून चपलेचा पट्टा सैल केला. पाय सुजले होते. पट्ट्याचा वळ पावलावर खोल उमटला होता.

"आता ड्यूटी आहे का सिस्टर?" त्यांनी विचारलं.

"आहे तर! परीक्षेला कुठली सुट्टी?"

"मग दोन घास खाऊन जा."

ती "हो काका" म्हणाली आणि घड्याळ बघत लंगडत निघूनही गेली. काका कितीतरी वेळ पिंपाशी हातातला रिकामा पेला धरून उभे होते.

ती काठावर पास झाली. मॅडमनीच ते सांगितलं, दुसऱ्या एका बातमीच्या ओघात. पुढच्या खेपेपासून पेशंट पडद्यावर असणार होते. उमेदवार पडद्याशी बोलणार, पडद्यावरचा माणूस उत्तरं देणार आणि मार्कही मशीनच देणार. "पण आवाज तुमचाच घ्यायचा असं सगळ्यांनी ठरवलंय," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "तुमच्यासारखं कुणाचं दुखत नाही, काका."

मग एके सकाळी काका आवाज द्यायला गेले. भिंतींना गाद्या लावलेली छोटीशी खोली होती. काचेपलीकडे कानांवर भोंगे चढवलेला एक चष्मेवाला माणूस बसला होता.

"दोन दिवसांपासून दुखतंय," काका म्हणाले आणि थांबले.

"थांबू नका काका. सलग बोलत जा. प्रश्न मशीन मागाहून टाकेल."

"भूक लागत नाही. झोपही नाही. हो, इथेच. आई गं."

सगळी उत्तरं एका दमात देऊन झाली. काका उठायला लागले.

"एक मिनिट, काका. शेवटचं राहिलं. आता बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. रिकाम्या खोलीचा आवाज लागतो आम्हाला, दोन वाक्यांच्या मधे भरायला."

काका बसले. हात गुडघ्यांवर ठेवले, नजर समोर. खोलीत कसलाच आवाज नव्हता. त्यांनी घसा खाकरला नाही, पाय हलवला नाही.

"झकास!" चष्मेवाला म्हणाला. "अहो, लोकांना हेच जमत नाही. सारखी चुळबुळ करतात. तुमचं बघा, पहिल्या फटक्यात मिळालं."

दारावरचा लाल दिवा विझला. काका तसेच बसून होते.