टेबलावरची बेटं

दूरच्या समुद्रातल्या चार उजाड बेटांवरून दोन देशांत लढाई जुंपली, आणि केडगाव स्टेशनाबाहेरच्या धुरपदाच्या टपरीवर गिदोन सरांना एकाएकी भाव आला. जन्मभर भूगोल शिकवला, पण वर्गातसुद्धा त्यांचं कोणी नीट ऐकलं नव्हतं. आता संध्याकाळी दौंडची गाडी गेली की बाकड्यावर त्यांची जागा राखून ठेवलेली असायची.

सर बशीतला चहा टेबलावर सांडून समुद्र करत. चार शेंगदाणे म्हणजे बेटं, खाऱ्या म्हणजे जहाजं. देशांची नावं कोणाच्या तोंडी बसेनात, म्हणून एक वरचा आणि एक खालचा.

"म्हंजी बांधाचंच भांडण की," हौसराव म्हणाला. "आमचं चुलत्याशी हाय तसं. बांधावर बाभळ बी धड येत न्हाई, पण सोडायचा कुणी?"

"तुमच्याकडं आरमार नाही, एवढाच फरक."

सगळे हसले. आपल्याला लोकांना हसवता येतं, हे सरांना सत्तरीत कळत होतं.

त्या दिवशी खालच्यानं समुद्रात सुरुंग पेरल्याची बातमी होती. "आता मालाच्या बोटीसुद्धा वाचायच्या नाहीत," असं म्हणत सरांनी एक खारी कपात धरली. ती फुगली, तुटली, तळाशी बसली. "गेली."

"आणखी एक बुडवा, सर."

धुरपदानं खारीची बरणी उचलून आत ठेवली. बाकी कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. सर मात्र सगळे गेल्यावर मागे रेंगाळले.

"काही चुकलं का, धुरपदाबाई?"

ती पेले विसळत होती. "आमचा पृथ्वीराज तिकडंच हाय. मालाच्या बोटीवर सैपाक करतो."

पोरगं परदेशात आहे, हे टपरीवर सगळ्यांना माहीत होतं. काय काम करतं, हे कोणीच विचारलं नव्हतं. सरांनीही नाही.

"लई दिवस फोन न्हाई. तुम्ही सांगता ते मी रोज कान दिऊन ऐकते." तिनं बरणीतली एक अख्खी खारी त्यांच्या हातावर ठेवली. "त्याची बोट कुठं असंल, तिथं ठेवा बरं."

टेबलावरचा समुद्र वाळून चिकट डाग उरला होता. खारी शेंगदाण्यांपासून लांब, अगदी कडेला ठेवावी असं सरांच्या फार मनात आलं. तिनं विश्वास ठेवला असता.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पेपरात येतं तेवढं वाचतो. बाकीचं रंगवून सांगतो."

धुरपदानं खारी परत घेतली, बशीत ठेवून फळीवर ठेवली आणि वर पेला पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी हौसरावानं विचारलं, "काय सर, आरमार सुट्टीवर?"

"मला त्यातलं कळत नाही, हौसराव."

मग राखलेली जागा गेली. सर बाकड्याच्या टोकाला बसू लागले, पण यायचे चुकले नाहीत. लढाई थांबली. बेटं होती तिथंच राहिली, टपरीवर गप्पा क्रिकेटच्या सुरू झाल्या. फळीवरची बशी कोणी हलवली नाही.

एका संध्याकाळी फोन वाजला. धुरपदा पाठमोरी होऊन बोलली. सरांना एवढंच ऐकू आलं, "जेवलास का तू?"

मग तिनं ती बशी आणि वाफाळता चहा त्यांच्यापुढं आणून ठेवला. "खावा, सर."

खारी सादळली होती. सरांनी ती चहात बुडवली नाही. तशीच, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.