व्हिटबीपर्यंतच्या स्प्रिंगा

क्लिफर्डने नऊ वर्षं गॅरेजमध्ये खपून स्वतःच्या हातांनी स्पोर्ट्स गाडी बांधली आणि शेवटी घोडं अडलं ते स्प्रिंगांवर. स्प्रिंग इंचभर दबायला किती पौंड लागावेत, एवढाच प्रश्न. पण तो त्याने घरी गाड्या बांधणाऱ्यांच्या क्लबात विचारला, तिथेच चुकलं. बुधवारी पबमध्ये जमणाऱ्या सात जणांनी नऊ आकडे दिले. सगळ्यांत मोठ्या आवाजात डेरेकने तीनशे सांगितले. डेरेकची गाडी अजून चाकांवर उभी राहायची होती, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास शाबूत होता.

बायकोची, पॉलीनची, अट सरळ होती. रविवारी या गाडीतून व्हिटबीच्या समुद्रावर धड पाठीनिशी पोचलो, तर गाडी राहील. नाहीतर गॅरेज रिकामं करायचं आणि तिथे तिची मातीची भांडी भाजायची भट्टी बसवायची. 

आधी तीनशेच्या स्प्रिंगा घातल्या. गावाबाहेरच्या पुलापर्यंत पॉलीनची हाडं खिळखिळी झाली. तिथे उतरली आणि बसने घरी आली.

मग त्याने हिशेब नव्याने मांडून एकशे चाळीसच्या आणल्या. एकटा बसला तेव्हा ठीक होतं. पॉलीन शेजारी बसली आणि गाडीचं पोट रस्त्याला टेकलं.

"हिशेबाचा कागद दाखव बघू," ती म्हणाली. त्यावर दोघांची वजनं स्टोनमध्ये लिहिली होती, चौदा पौंडांचा एक स्टोन. "माझ्या सीटवर आठ स्टोन? अरे, आठ स्टोन मी शाळेत होते! आता बारा आहे."

"मला काय माहीत?"

"मग विचारायचंस ना!"

"अगं, बाईमाणसाला वजन विचारतात का कुणी?"

या इंग्रज लोकांचं हे असंच. तीस वर्षं एका छपराखाली काढतील, पण बायकोला वजन विचारण्यापेक्षा गाडी मोडलेली पत्करतील.

"आणि स्वतःचं अकरा लिहिलंयस, ते कधीचं?"

"लग्नाचा सूट शिवला तेव्हाचं," क्लिफर्ड पुटपुटला.

पॉलीनला हसू आलं, पण टिकलं नाही. "वजनाचं जाऊ दे, क्लिफ. मला या गाडीत बसायचंय का, हे तरी नऊ वर्षांत विचारलंस का कधी? पहिल्या वर्षी फार वाटायचं रे. वाऱ्यात केस उडू नयेत म्हणून रुमालसुद्धा आणून ठेवला होता."

क्लिफर्डला भरून आलं, अगदी मनापासून. चुकलो म्हणावं, तिचा हात धरावा, असं त्याला वाटलं. त्याने तोंड उघडलं.

"बारा म्हणजे," तो म्हणाला, "बूट घालून की काढून?"

पॉलीनने घरच्या जुन्या मोटारीची किल्ली उचलली. व्हिटबीला ती एकटीच गेली आणि सोमवारी सकाळी तिने भट्टीवाल्याला फोन लावला.