दाराशी थांबलेला निरोप

थर्मासचं बूच ओलसर झालं होतं आणि कौसल्या ते अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबत होती. आत मिठाच्या कोमट पाण्यात मेंढ्यांची सहा अंडाशयं, सोललेल्या बदामाएवढी, अंगावर ज्वारीच्या दाण्यांसारखे पाण्याचे फोड... कोमटपणा गेला की आतल्या पेशी गेल्या. अजून बारामती, मग पुणे, मग प्रयोगशाळा. अंगठा दुखत होता, तरी ती दाबतच होती. दुसरं काही दाबून धरता येत नव्हतं. पहाटे बारामतीहून निघताना लुगड्याला लागलेला तो तपकिरी डाग — रुपयाएवढा, नाही, त्याहून लहान, चवलीएवढा — तो कशानं दाबून धरायचा?

सातवा आठवडा. मागच्या दोन्ही वेळी आठवा उजाडला नव्हता.

इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीला अजून वेळ होता. शेजारी बाकावर आबा बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. कळंबहून एक मेंढी घेऊन ते झुंबर खाटकाकडे आले होते, आणि तिथंच, दुकानाच्या पायरीवर, लेकीला थर्मास पुढं करताना पाहून म्हणाले होते, "काय गं, डाक्टरीणबाई, अजून तेच का?" झुंबर हसला होता. "बिरदेवतात्या, तुमची पोर मटण सोडून भलतंच मागती. माझं गिऱ्हाईक हाय का कोण, कळंना झालंय."

डॉक्टरीण नव्हती ती. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि अकरा महिने संशोधनाच्या एकाच प्रश्नाभोवती फिरत होती. मेंदूच्या तळातून रक्तात निरोप निघतो. अंडाशयातल्या पेशीच्या भिंतीशी तो थांबतो, आत जात नाही. आतला दुसरा एक निरोप्या तो उचलून थेट केंद्रकापर्यंत नेतो, आणि तिथं एक जनुक वाचलं जातं — दार बनवण्याचं. त्या दारातून पेशी रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढून घेते. पोटापुरतं मिळालं की पेशी एरवी दारं कमी करते. पण हा निरोप आला की पोट भरलेलं असूनही दारं वाढवायची, कारण आता ते स्वतःसाठी नाही... त्या कोलेस्टेरॉलपासून जे बनतं त्याच्यावर गर्भ टिकतो. सासरे कोलेस्टेरॉलच्या भीतीनं तूप सोडून बसले होते, त्यांना ती म्हणाली होती, "मामंजी, ते नसतं तर तुम्ही-आम्ही जन्मलोच नसतो." वर्गातल्या मुली हे ऐकून खुदकन हसायच्या. एखादीला कळलं नाही तर कौसल्या खडू उचलून पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

पण तिच्या प्रयोगाच्या काचेच्या बशीतल्या पेशींना कळत नव्हतं. निरोप घातला, थांबली, धुतलं, मोजलं — फिल्मवर जिथं काळा पट्टा उमटायला हवा तिथं धुरकट काहीतरी, असल्यासारखं, नसल्यासारखं. "हात बसलेला नाही तुमचा," मार्गदर्शक म्हणाले होते. हात. रात्री झोपेतून उठून ती स्वतःचे हात पाहायची. या हातांत काही टिकत नाही — बशीतलंही नाही आणि...

"तोंड का असं झालंय?" आबांनी विचारलं.

"काही नाही. काम जमत नाही."

"मला सांग की. आमी काय यडं हाय?"

मग तिनं सांगितलं, वर्गात सांगायची तसं: वाघरीच्या जाळीत कोंडलेली मेंढरं, बाहेरून हाळी, आत कुणीतरी ती ऐकून जाळी वर करायची. आबा मान हलवत ऐकत राहिले. म्हातारा जन्मभर वाघरी लावत आणि काढत आलेला, त्याला यात अवघड काहीच वाटलं नाही.

"आन् जाळी वर हुईना?"

"होत नाही. हाळी पोचते. दार वाढत नाही."

"मेंढ्या कुठल्या?"

"झुंबरकडच्याच की."

आबा तिच्याकडे वळले. "अगं, झुंबरकडं मादी कोण देतो? बोकड जातो, मेंढा जातो. पोटाला धरती ती मेंढी कुणी कापाय दील का? आता ही काळ्या कानाची आणली मी... तीन सालं नराला लावली. येकदा धरलं, टाकलं. पुन्यांदा धरलं, पुन्यांदा टाकलं. मग काय करायचं, जी —"

काठीवरचा हात थांबला. आबांनी पुढचा शब्द गिळला. तो तिनं ऐकलाच.

स्टँडवर कुठलीशी गाडी लागली, माणसं धावली. ती बसून राहिली. हे तर मला ठाऊक होतं! चालायला लागले तेव्हापासून ठाऊक होतं. आई व्यालेल्या मेंढीच्या कपाळाला हळद लावायची, आणि आबा कुठल्या मेंढ्या बाजाराला काढतात हे लहानपणी बोटांवर मोजून सांगता यायचं. ग्रंथांतल्या मेंढ्या मोठाल्या कत्तलखान्यांतल्या होत्या, तिथं सगळ्याच कापल्या जात. ते वाचता वाचता मेंढपाळाच्या पोरीनं आपल्याच वाड्यावरची रीत विसरावी... अकरा महिने तिच्या बशीत फक्त त्याच आल्या होत्या, टाकून देणाऱ्या. सगळ्यांचा नसेल, पण कितीजणींचा दोष तिथंच असेल, दाराशी. आणि ती आपल्या हातांना बोल लावत होती.

हात मोकळे झाले. पण मोकळे होऊन ते गेले कुठं, तर पोटावर.

"कवसे," आबा हळू म्हणाले, "मी मेंढराचं बोलत हुतो."

"व्हय, आबा."

"तसं न्हाय तुझं."

कसं आहे माझं, हे आबांना ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. थेंबभर रक्त तपासून जे कळतं ते उशिरा कळतं. संध्याकाळी इंजेक्शन, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतील, वाट पाहू.

गाडी आली. आबांनी पिशवी खिडकीतून आत दिली, थर्मास मात्र तिनं सोडला नाही. गाडी सुटताना ते काठी टेकून तसेच उभे होते, रिकामी दोरी खांद्यावर.

ऊस मागं पळत होता. मांडीखाली ओल जाणवली — की घाम होता — तिनं पाहिलं नाही. थर्मास पोटाशी धरला. त्यातली ऊब आत येतेय की आपली त्यात जातेय, कळेना. सहा अंडाशयं. त्यांतली दोन काळ्या कानाचीची. तिलाही निरोप आला असेल, दोन्ही वेळा, वेळेवर. आणि ती काही मुद्दाम ऐकायची राहिली नसेल.

देवाला काही म्हणावंसं वाटलं नाही. सासूबाईंनी नवस बोलून ठेवला होता, तोही आठवून गेला, टिकला नाही. वर्गातल्या न कळलेल्या पोरीवर ती कधी ओरडली नव्हती. कळलं नाही तर दोष पोरीचा नसतो, पुन्हा सांगायचं असतं.

तिनं ओठ न हलवता, आपल्याच पोटातल्या पेशीला, सांगायला सुरुवात केली. हे बघ. वरून निरोप येतो. भिंतीशी थांबतो. तू तो आत घ्यायचा... मध्येच खड्डा आला, धागा तुटला. कुणी ऐकतंय का, कळायला मार्ग नव्हता. हे बघ, ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.