टाचण्या भरलेली चवीची वाटी

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. मित्रांनो, वाट्या सहसा शांत असतात. मी नाही. माझं डोकं तापलेलं आहे, आणि का ते ऐकाच.

भांड्यांच्या दुकानात माझ्या कडेवर नाव कोरलं गेलं: विमला धोंडू राणे. विमलाबाई घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीतल्या शाळेत शिकवायच्या. शाळेत दुपारची खिचडी टेम्पोने येते. मुलांना वाढण्याआधी ती एका शिक्षकाने खाऊन बघायची आणि चवीच्या वहीत शेरा लिहायचा, असा नियम. त्यासाठी शाळेत वाटी मिळेना, म्हणून बाईंनी मला घरून आणलं.

त्या दिवसांचा मला अभिमान आहे. बाई वाटीभर खिचडी घ्यायच्या आणि फुंकर मारून नीट चावून खायच्या. नुसती जीभ लावून मोकळ्या व्हायच्या नाहीत. एकदा खिचडी अगदीच पातळ आली. टेम्पोवाल्या चंदरला त्यांनी दारातच धरलं.

"काय रे चंदर, ह्यात डाळ खंय आसा? शोधूक भिंग आणू काय?"

पातेलं परत गेलं. बाईंनी खालच्या गाडीवरून मुलांसाठी केळी मागवली. दुसऱ्या दिवशी खिचडीत डाळ, गाजर, मटार सगळं हजर! तेव्हापासून पोरं मला चवीची वाटी म्हणू लागली.

मग बाई निवृत्त झाल्या. माझं काम इथे आहे म्हणून मला इथेच ठेवून गेल्या. चवीची वही किरण सरांकडे आली. आणि सरांनी माझ्यात काय भरलं? टाचण्या! तीन वर्षं मी टाचण्या सांभाळल्या. सर स्वतःचा डबा खायचे आणि दर सोमवारी सकाळी एका बैठकीत अख्ख्या आठवड्याचे शेरे लिहून टाकायचे. 'चव उत्तम. भाजी पुरेशी.' खाली सही. इकडे खिचडीतली भाजी गेली, डाळ गेली, पिवळं पाणी तेवढं उरलं. मी टेबलावरून बघत होते आणि आतल्या आत जळत होते.

चौथीत जान्हवी नावाची मुलगी आहे. तिची आई पहाटेच साफसफाईच्या कामाला अंधेरीला जाते. जान्हवी नुसता चहा पिऊन येते. शाळेतली खिचडी हेच तिचं दिवसातलं पहिलं जेवण. एका बुधवारी टेम्पो चढावर बंद पडला आणि खिचडी आलीच नाही. मुलं पाणी पिऊन बसली. कधी येणार म्हणून विचारायला जान्हवी सरांच्या टेबलाशी आली. तिथे चवीची वही उघडीच पडली होती. तिने ती वाचली.

"सर, इथे लिहिलंय, आज चव उत्तम. पण आज आम्ही खाल्लं काय?"

"गप बस गं. जा जागेवर," सर म्हणाले.

त्यांना लाज वाटायला हवी होती. मला वाटली, आणि मी तर साधी वाटी!

गुरुवारी टेम्पो आला. झाकण काढताच आंबूस वास सुटला. जान्हवी तडक टेबलाशी आली. तिने टाचण्या वहीवर ओतल्या, मला नळाखाली खसखसून धुतलं, खिचडीने भरलं आणि सरांपुढे ठेवलं. मागे पोरं रिकाम्या ताटल्या घेऊन उभी होती.

"सर, आधी तुम्ही."

सरांनी एक घास घेतला. तो गिळवेना. एवढी पोरं टक लावून बघत असताना थुंकायचीही सोय नव्हती. कसाबसा घास खाली उतरला.

"चंदर, घेऊन जा हे," सर म्हणाले. "माझ्या पोराला मी हे घातलं नसतं, यार."

वहीत गुरुवारपुढचं 'चव उत्तम' खोडून त्यांनी लिहिलं, 'आंबलेली. डाळ नाही, भाजी नाही. परत पाठवली.' मग केळी मागवली. जान्हवीने तीन खाल्ली.

माझा राग गेला असं समजू नका. तीन वर्षांचं जेवण पोरांना आता कोण परत देणार?

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखी एखादी वाटी असेल. तिच्यात टाचण्या असतील तर ओतून टाका. तिला स्वच्छ धुवा, त्या दिवशीचं जेवण तिच्यात वाढा आणि मोठ्यांच्या हातात द्या. ते खाईपर्यंत आपलं ताट पुढे करू नका.

परवा सोमवारी सकाळी सरांनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. एकदा माझ्याकडे बघितलं, आणि टोपण परत लावलं. खिचडी अजून यायची होती.