टाकीआडच्या उल्का

श्याम परचुरे या माणसाला छत्तीस वर्षांच्या संसारात एकही वस्तू माझ्याआधी सापडलेली नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माझा नवरा. त्यामुळे वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, डिसेंबरच्या थंडीत, पहिल्या अर्ध्या तासात ह्यांना अकरा उल्का दिसल्या आणि मला एक, तेव्हा माझं डोकंच चालेना.

कार्यक्रम तिसऱ्या मजल्यावरच्या सौमित्रचा. दर वर्षी याच सुमारास मिथुन राशीच्या बाजूनं उल्का येतात म्हणे. 'नवशिक्यांसाठी. दुर्बीण नको, फक्त डोळे हवेत,' असं त्यानं लिफ्टमध्ये लिहून लावलं होतं. तेवढ्यावरच हे हुरळले. ह्यांचा डावा डोळा लहानपणापासून नावापुरता. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑक्टोबरात झालेलं.

"नवा डोळा आहे, कुसुम. तारे तरी बघून घेतो," म्हणाले.

पद्धत अशी, की सतरंजीवर सगळ्यांनी डोकी मध्ये आणि पाय बाहेर करून गोल झोपायचं आणि आपापल्या वाटचं आकाश सांभाळायचं. उल्का दिसली की "टाइम!" ओरडायचं. सौमित्र लाल जिलेटिनचा कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात वेळ आणि दिशा लिहिणार. कोणी कोणाच्या उल्केवर शंका घ्यायची नाही, हा त्याचा नियम.

"टाइम!" हे पुन्हा ओरडले.

"कुठे, काका?"

"उजवीकडे. अगदी कडेला. झटकन गेली."

"भारी! परत तुम्हीच!"

एवढं कौतुक ह्यांच्या निरोपसमारंभातही झालं नव्हतं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? जागेचाच गुण असणार, असं मी ठरवलं.

"अहो, आपण जागा बदलू या."

हे मोठ्या मनानं उठले. माझ्या जागेवर उजव्या हाताला पाण्याची सिमेंटची टाकी होती, निम्मं आकाश खाऊन बसलेली. ह्यांची जागा मोकळी. तिथे पडून मी दहा मिनिटं डोळे फाडून पाहिलं. एक विमान दिसलं. हायवेच्या दिव्यांचा पिवळट उजेड दिसला. उल्का नाही.

"टाइम!" माझ्या जागेवरून हे.

"दिशा?"

"उजवीकडेच. कडेला."

मी उठून बसले. उजवीकडे तर टाकी होती. ती होती तिथेच होती.

"अहो, तिकडे टाकी आहे."

"असू दे. दिसली ती दिसली. शंका घ्यायची नाही, नियम आहे."

सौमित्र पेन्सिल धरून आमच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, काका-काकूंचं जुंपणार. मला मात्र भांडायलाही सुचत नव्हतं. मी सरकून ह्यांच्याजवळ गेले, ह्यांचा चष्मा काढला आणि दोन्ही डोळ्यांवर तळहात ठेवले.

"अगं, काय हे? एखादी चुकेल माझी."

"गप्प पडून राहा."

मिनिटभर काहीच झालं नाही. मला हायसं वाटायला लागलं होतं.

"टाइम," हे म्हणाले.

दवाखान्यातून सोडताना दिलेला कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं दिसलं, तर डोळ्याच्या आतला पडदा सुटत असू शकतो, रात्र असली तरी थांबू नका. दोन महिने रोज फ्रिजमधून दूध काढताना मी तो वाचते. आणि इथे तासभर ह्यांच्या डोक्याशी डोकं लावून मी हेवा करत बसले. मला स्वतःचा इतका राग आला आणि इतकी भीती वाटली, की हात काढवेनात.

"सौमित्र, गाडी काढ," मी म्हटलं. "ह्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आत्ता."

लिफ्टमध्ये ह्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. पडद्याचं सगळं मी सांगून झालं होतं, पण हे दुसऱ्याच विचारात होते.

"म्हणजे त्यातली एकही खरी नव्हती, कुसुम?"

"एक होती. मला दिसली ना, तीच तुम्हालाही दिसली," मी म्हटलं.

माझी उल्का पश्चिमेला पडली होती आणि तेव्हा ह्यांचे पाय आणि डोळे पूर्वेला होते. सौमित्रच्या हातातल्या वहीत तसं लिहिलेलंही होतं. त्यानं वही मिटली.

"हो काका," तो म्हणाला. "एक नक्की."