चार तासांचं काम

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की आतला पंखा अर्धी गिरकी घ्यायचा आणि थांबायचा. काकांनी सातव्यांदा बटण दाबलं. पंख्याने सातव्यांदा अर्धी गिरकी घेतली आणि मान टाकली.

"बरं," काका म्हणाले. "तुझं असं आहे तर."

घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे हे बोलणं कॉम्प्युटरशीच चाललं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून काका कुकरशी, नळाशी, दाराच्या कडीशी बोलत आले होते. त्यात वेड वगैरे काही नव्हतं. अडतीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करण्यात गेलेली. बंद दाराला तोंड लावून आत अडकलेल्यांना धीर द्यायचा, आतून उत्तर येवो न येवो, बोलत राहायचं, ही त्यांची धंद्यातली सवय. आता बोलायला माणसं उरली नव्हती, सवय उरली होती.

आज शुक्रवार. लेक रविवारी अकराला येणार होती.

हा कॉम्प्युटर बापलेकीने मिळून बांधला होता, ती अकरावीत असताना. एकेक भाग गोळा करत, जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर मांडून. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, कॉम्प्युटर इथेच राहिला. मंगळवारी तिचा फोन आला होता.

"बाबा, आपला तो डबा आहे ना अजून? माझी कॉलेजातली सगळी चित्रं त्यातच आहेत. एका पुस्तकासाठी हवीत. तिकडे कामाने येतेय, तर कॉपी करून नेते."

"ने की. वेळ किती लागेल?"

"त्या खटाऱ्यावर? चार तास कुठे गेले नाहीत."

चार तास! गेल्या दोन वर्षांत ती तीनदा आली होती आणि तिन्ही वेळा उभ्या उभ्या. एकदा तर खाली टॅक्सी थांबवून ठेवली होती. काकांनी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे ते चार तास वाटून टाकले. एक जेवणाचा. एक नातीच्या खोड्या ऐकण्याचा. एक तिने आडवं पडायचा, कारण ती दमलेली असणार. आणि चौथा तसाच, काही न ठरवता. डबा खटारा आहे याचा इतका आनंद आजवर कोणाला झाला नसेल.

म्हणून तर शुक्रवारी त्यांनी धूळ पुसून रंगीत तालीम केली आणि ही अर्धी गिरकी समोर आली.

काका घाबरले नाहीत. फॉल्ट शोधणं हे त्यांचं आयुष्यच होतं. त्यांनी आधी भिंतीतलं सॉकेट बदलून पाहिलं. मग आतला एकेक भाग सोडवून पुन्हा पुन्हा बटण दाबलं. शेवटी मोठा प्लग उपसून त्यातली हिरवी वायर काळीला तारेने जोडली, की आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय एकटाच चालू होतो, आणि मीटर लावला. बारा व्होल्ट हवेत तिथे नऊ, तेही थरथरत. बाकी सगळं धडधाकट होतं, सप्लायच म्हातारा झाला होता.

"तुझं वय झालं, बाबा," काका म्हणाले. त्यांना हायसं वाटलं.

शनिवारी सकाळी ते पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारीण बाईने नवा सप्लाय काढून दिला आणि बजावलं, "काका, सगळ्या केबली खोक्यात आहेत. नव्याच लावा हं, जुन्या नका वापरू."

काका हसले. दुकानात असं सांगतातच.

घरी येऊन त्यांनी डब्याची बाजू उघडली. मोठी केबल नवी लावावीच लागली, जुनीचं टोक नव्या सप्लायला बसेना. चित्रं जिच्यात होती त्या हार्डडिस्कची जुनी केबल मात्र बसली, टक्कन आवाज करून, जणू त्याचीच. लिफ्टच्या कामात बसलं म्हणजे बरोबर. चुकीचा प्लग बसूच नये अशा खाचा तिथे मुद्दाम केलेल्या असतात, नाहीतर माणसं मरतील. अडतीस वर्षांत हा नियम एकदाही खोटा ठरला नव्हता.

पण खरं कारण निराळंच. ती केबल लेकीने बांधली होती. आईच्या शिवणाच्या डब्यातला निळा दोरा घेऊन, दर चार बोटांवर एक गाठ, कॉम्प्युटरच्या कडेकडेने अगदी सरळ. त्या वयात मुलींना वेणी घालायचा कंटाळा येतो, आणि ही पोर वायरींची वेणी घालत बसली होती. गाठी कापायला काकांनी कात्री हातात घेतली, क्षणभर धरली आणि ठेवून दिली. त्यांच्याच्याने ते होईना.

त्यांनी बटण दाबलं. पंखा पूर्ण फिरला. काका "शाब्बास" म्हणायला तोंड उघडतात तोच आत चट्ट झालं. छोटासा आवाज, फुटाणा फुटावा एवढा. मग जळका वास.

काका पुन्हा दुकानात गेले तेव्हा दुकानदारीण बाईने हार्डडिस्क हातात घेऊन नुसती हुंगली.

"जुनी केबल लावलीत ना?"

"बसली की हो ती."

"बसतेच. टोक सारखंच असतं, आतल्या वायरी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले असणार."

असला प्लग बनवणाऱ्याला काकांनी मनातल्या मनात एक ठेवणीतली शिवी घातली, पण ती काही पुरली नाही.

शनिवारची दुपार त्यांनी वाईट काढली. सप्लाय गेला, जाताना डिस्कही घेऊन गेला, असं म्हटलं असतं तर कोणी खोदून विचारणार नव्हतं. पण कामाच्या वहीत ज्याने अडतीस वर्षं स्वतःच्या चुका स्वतःच्या अक्षरात लिहिल्या, त्याला आता हे जमणार नव्हतं.

रविवारी लेक वेळेवर आली. चपला काढतानाच म्हणाली, "लावूया का लगेच? तो कॉपी करत राहील, आपण बसू गप्पा मारत."

"चिमे," काका म्हणाले, "डिस्क जळली. काल. मीच जाळली."

त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. खाली बसून तिने डब्याच्या आत पाहिलं, निळ्या गाठींवरून बोट फिरवलं.

"खोक्यात नव्या केबली होत्या ना? मग का नाही लावल्यात?"

काकांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर त्या चित्रांचं ओझं त्या गाठींवर पडलं असतं, म्हणजे तिच्यावर.

"कंटाळा केला," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"वय झालं आता."

तिने मान डोलावली. तिला ते पटलं, आणि काकांना तेच लागलं.

तिने जळकी डिस्क रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. "डेटा काढून देणारे लोक असतात. देते त्यांच्याकडे. निघालं काही तर फोन करते."

"जेवून जा. झालंय सगळं."

"आता थांबून काय करू, बाबा? कॉपीसाठी म्हणून पाचची गाडी धरली होती, आता बाराची मिळेल. पोरगी सकाळपासून दाराशी बसलीय म्हणे." मग त्यांचा चेहरा बघून म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ. जुनी चित्रं ती, नवी काढेन."

"हो, हो. तू नीघ. गाडी चुकेल."

ते तिला पोचवायला फाटकापर्यंत गेले. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावरही थोडं थांबले, मग जिना चढून वर आले. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. त्यांनी घड्याळात पाहिलं. अजून साडेअकराही वाजले नव्हते.