सतरा तेजकण आणि ताईची टाचणी

बॅडमिंटन हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि एकाच्याही हातात रॅकेट नव्हती. दर रविवारी सकाळी तिथे तेजगुरू येत. रांग कोर्टाच्या पांढऱ्या रेषेवरून नेटच्या खांबापर्यंत जाई, तिथे वळे आणि पलीकडच्या रेषेवरून परत दारापाशी येई. एरवी बसथांब्यावर एकमेकांना ढकलणारी माणसं इथे रेषेबाहेर पाऊल टाकत नव्हती.

मी ताईबरोबर आले होते. ताई माझी थोरली बहीण, शिवणकाम करते. ही तिची दोन महिन्यांतली तिसरी बैठक. ती इतकी खुशीत होती की वाटेत दोनदा लोकांना धडकली, तरी हसतच होती.

दारातल्या टेबलाशी अर्ज भरून घेत होते. नाव, वय, त्रास कसला, औषध कोणतं चालू आहे. दिव्यदृष्टी असलेल्या माणसाला अर्ज कशाला लागतो, असं मी विचारलं. टेबलामागची शिष्या म्हणाली, "नोंद ठेवावी लागते." मी म्हटलं, बरोबर आहे.

आत काळ्या पडद्यापुढे एक खुर्ची होती. डोकं हलू नये म्हणून समोर हनुवटी टेकवायला पट्टा होता. पुढे स्टँडवर कॅमेरा, त्याच्या तोंडाला एक काळं नळकांडं आणि शेजारी पांढऱ्या सदऱ्यात स्वतः तेजगुरू.

"प्रत्येक देहाभोवती तेज असतं!" ते म्हणत होते. "माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. मी खोटं बोलेन, तुम्ही खोटं बोलाल, पण कॅमेरा? कॅमेरा कधीच खोटं बोलत नाही!"

मी एकवीस वर्षं फोटो काढते. माझ्या कॅमेऱ्याने आजवर शेकडो टक्कलं, पुटकुळ्या आणि दुहेरी हनुवट्या लपवल्या आहेत. पण दोनशे माणसांत एकटीने तोंड उघडायचं म्हणजे अवघडच, म्हणून गप्प बसले.

ताई खुर्चीत बसली. गुरूंनी तिच्या डोक्यावर हात फिरवला, फ्लॅश लखलखला आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरमधून फोटो बाहेर आला. ताईच्या डोळ्यांभोवती सोनेरी, गोल, मऊ प्रकाशाचे ठिपके तरंगत होते. हॉलभर 'अहाहा' झालं. मागची एक बाई रडायला लागली.

"पहिल्या बैठकीत डोळ्यांपाशी किती तेजकण होते, बाई?"

"एकही नव्हता, गुरुजी."

"दुसऱ्या?"

"सहा."

एका शिष्याने फोटोवरचे ठिपके पेन्सिलीने मोजले. "सतरा!"

"सतरा!" गुरू गरजले. "डोळ्यांतला अंधार हटला! का हटला? बाईंनी बाटलीतले थेंब सोडले म्हणून! औषधाचा थेंब आणि तेज एका घरात नांदत नाहीत!"

टाळ्या पडल्या. थेंब सोडल्याचं ताईने मला सांगितलं नव्हतं.

फोटो सुंदर होता, हे मला मान्य केलंच पाहिजे. तो तसा काढायला मीच शिकवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी स्टुडिओत चमकीच्या फोटोंचा वर्ग घेतला होता. चार शनिवार, आठ विद्यार्थी. गालावर जेल लावून चमकी कशी बसवायची, तळहातावरून फुंकताना ती डोळ्यांत जाऊ नये म्हणून काय करायचं, मागून उजेड कसा द्यायचा, काचेवर चमकी लावून तिच्याआडून फोटो कसा घ्यायचा. सात जणांनी माझी फरशी चकचकीत करून ठेवली. आठवा पहिल्या बाकावर बसे, सगळं वहीत उतरवून घेई आणि जाताना सतरंजी झटकून देई. तो तेव्हा तेजगुरू नव्हता, पडदे विकत असे. इतका गुणी विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

त्याने मला गर्दीतही ओळखलं. चेहरा जराही हलला नाही. "आपण बसणार का, बाई?" त्याने गोड आवाजात विचारलं.

"नको," मी म्हटलं. "माझ्या केसांत अजून मागच्या आठवड्याची आहे."

घरी आल्यावर मी ताईचा फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात थेंबांची बाटली होती, तिचं सील फोडलेलं नव्हतं.

ताईला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर कडेकडेने कमी होत जाते. गेलेली परत येत नाही. रोज दोन थेंब, जन्मभर, असं डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्यासमोर बजावलं होतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"नऊ आठवडे."

"ताई, ते तेज नाही, चमकी आहे. दुकानात डबीत मिळते. मी शिकवलंय त्याला."

"तुझ्याकडे हल्ली कोणी फोटो काढायला येत नाही, म्हणून जळतेस तू."

यातलं अर्धं खरं होतं. माझ्याकडे कोणी येत नव्हतं.

"आणि मला दिसतंय, कळलं? हे बघ." तिने सुई उचलली आणि एका दमात दोरा ओवला. मग कात्रीसाठी वळली आणि तिच्या डाव्या कोपराने टाचण्यांचा डबा खाली पाडला.

"या आठवड्यात कितव्यांदा?"

"अंधार डाव्या बाजूने बाहेर पडतो. गुरुजींनी आधीच सांगितलंय तसं."

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचायला लागलो. उजवीकडच्या तिने भराभर उचलल्या. डावीकडच्या तिथेच पडून होत्या; तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मला तिचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं. मी तिच्या डावीकडच्या टाचण्या उचलून गुपचूप डब्यात टाकल्या.

तेवढ्यात घड्याळवाले आले. समोरच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करतात. त्यांची पँट आखूड करायला टाकलेली होती. त्यांनीही मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं आणि आज त्यांचीही तिसरी बैठक झाली होती. फोटो खिशातच होता.

"तुमचे किती?" ताईने विचारलं.

"सतरा!"

"अय्या, माझेही सतरा!"

दोघांना अगदी भरून आलं. मी म्हटलं, "दोघांचे सतराच कसे?"

"आकडा जुळेल गं," ताई म्हणाली. "जागा जुळत नाहीत. गुरुजी म्हणतात, तेज बोटांच्या ठशासारखं असतं. दोन माणसांचं कधी एक नसतं."

"मग ताडून बघ ना. पुढचा तुकडा मागच्याशी ताडतेस, तसा."

ब्लाऊजचे दोन तुकडे कापले की ताई ते एकावर एक ठेवते, कडा जुळवते आणि वरच्या खुणेतून टाचणी आरपार घालते. टाचणी खालच्या खुणेवर निघाली तर काम बरोबर, नाहीतर कापड वाया. तीस वर्षांत तिने एकही तुकडा न ताडता शिवलेला नाही. फोटो मात्र तिने तिन्ही वेळा नुसते कपाळाला लावले होते.

माझं तोंड बंद करायचं म्हणून ती तयार झाली. तिचा फोटो वर, घड्याळवाल्यांचा खाली. कडा जुळवल्या. पहिल्या ठिपक्याच्या मधोमध टाचणी घातली आणि वरचा फोटो जरा उचलून पाहिलं. घड्याळवाल्यांच्या ठिपक्याच्या मधोमध टाचणी उभी होती.

"योगायोग," ताई म्हणाली.

दुसरी टाचणी. तिसरी. पाचवीनंतर तिने योगायोग म्हणायचं सोडलं. सतरावी टाचणीही ठिपक्याच्या मधोमधच निघाली. घड्याळवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"एकाच साच्यातला माल आहे," ते म्हणाले. बनावट घड्याळ परत करताना ते याच आवाजात बोलतात.

ताईने उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डावा डोळा समोरच्या भिंतीवर लावला.

"माझ्या डावीकडे दार आहे ना गं?" तिने विचारलं.

"आहे."

"मला दिसत नाही."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली होती. "उरलंय ते आपण सांभाळू," त्या म्हणाल्या. "गेलेलं मला आणता येणार नाही." ताईने थेंब कधी, किती, दोनदा विचारून घेतलं.

पुढच्या रविवारी ती टाचण्यांचा डबा घेऊन हॉलमध्ये गेली. तिथे बैठकीआधी माइकवर अनुभव सांगायची पद्धत होती. ताईने माइक घेतला. गुरू प्रसन्न चेहऱ्याने उभे होते.

"ज्यांचा त्रास डोळ्यांचा आहे आणि तीन बैठका झाल्यात, त्यांनी शेवटचा फोटो जरा मला द्या," ती म्हणाली. "परत देते."

नऊ फोटो आले. ताईने ते टेबलावर एकावर एक रचले, कडा जुळवल्या, बोटात अंगुस्तान चढवलं आणि जाड सुई आरपार घालायला सुरुवात केली. सतरा वेळा. मग ज्याचा फोटो त्याला परत केला.

"आता खिडकीच्या उजेडाकडे धरून बघा."

नऊ माणसांनी फोटो वर धरले. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक भोक होतं आणि त्यातून उजेड येत होता. शेजारचे वाकून बघायला लागले. रांग पहिल्यांदाच मोडली.

"पाहिलंत?" गुरू लगेच म्हणाले. "सर्वांचं तेज एकच आहे! मी हेच तर सांगत आलो!"

काही माना डोलल्यासुद्धा.

"मागच्या रविवारी तुम्ही सांगितलंत, दोघांचं कधी एक नसतं," ताई म्हणाली. "एक काहीतरी ठरवा."

तोवर घड्याळवाल्यांनी खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. शिष्य पुढे येईपर्यंत नळकांड्याचे चारही स्क्रू त्यांच्या तळहातावर होते. आतून एक काच निघाली. काचेवर जेलचा पातळ थर, थरात चिकटलेली सोनेरी चमकी आणि बाजूला एक छोटा फ्लॅश.

माइक माझ्याकडे आला. मी काच उंच धरून सांगितलं, "कॅमेऱ्याची नजर खुर्चीतल्या माणसावर लावलेली असते, त्यामुळे इतकी जवळची काच त्याला धूसर दिसते. बाजूने फ्लॅश पडला की चमकीचा एकेक कण फुगून गोल दिवा होतो. हनुवटी पट्ट्यावर असते, म्हणून प्रत्येकाचे डोळे फोटोत त्याच जागी येतात. त्रास कुठे आहे, ते तुम्हीच अर्जात लिहून दिलंत. तशी काच बसवली जाते."

स्टँडखालच्या पेटीत बाकीच्या काचा होत्या, कागदात नीट गुंडाळून वर चिठ्ठ्या लावलेल्या. डोळे एक, डोळे दोन. छाती एक, दोन, तीन. घसा एक, घसा दोन.

"माझ्या घशाचीपण आहे?" मागच्या रविवारी रडलेल्या त्या बाईंनी विचारलं.

"आहे," घड्याळवाले म्हणाले. "तुमच्या तिसऱ्या बैठकीचीही तयार आहे."

तेजगुरू माझ्याकडे वळले. आवाज आता पडदे विकणाऱ्याचा झाला होता. "मॅडम, तुम्हीच तर शिकवलंत."

"तीन शनिवार," मी म्हटलं. "चौथ्याला तुम्ही आला नाहीत. त्या दिवशी मी काच धुवायला शिकवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला काच धुवायची आणि चमकी नव्याने शिंपडायची, नाहीतर सगळ्यांचे फोटो एकसारखे येतात."

गर्दीतून एकाने विचारलं, मग आजची बैठक होणार आहे की नाही. अशी माणसं असतात. ताईने माइक परत घेतला.

"माझी डावी बाजू गेली," ती म्हणाली. "याने हिरावली आणि मी नेऊ दिली. मी साधं पोलकं ताडल्याशिवाय शिवत नाही, आणि डोळे न ताडता देऊन टाकले. तुम्ही ज्यांनी ज्यांनी औषध बंद केलंय, त्यांनी इथे भांडत बसू नका. आधी डॉक्टरांकडे जा."

लोक गेले. आधी दोघं-तिघं, मग एकदम पुष्कळ. आम्ही फोन करून बोलावलेल्या पोलिसांनी काचांची पेटी आणि गुरू दोन्ही नेलं. दुपारी हॉलमध्ये कोणीतरी बॅडमिंटन खेळत होतं.

मी चमकीचे फोटो अजून काढते. सुंदर गोष्ट खोटी पडत नाही. ती औषध आहे असं कोणी सांगितलं की खोटेपणा सुरू होतो. वर्गही घेते, पण काच धुवायचं आता पहिल्याच शनिवारी शिकवते आणि त्याआधी ताईचा भोकं पडलेला फोटो सगळ्यांच्या हातातून फिरवते. चमत्कार दिसला तर बघा, हरखून जा, माझं काही म्हणणं नाही. मात्र त्याच्या भरवशावर काही सोडण्याआधी तो शेजाऱ्याच्या चमत्काराशी ताडून बघा. एक टाचणी पुरते.

ताईने टाचण्यांचा डबा टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवलाय. सकाळ-संध्याकाळ ती थेंब घालते. रस्त्याने जाताना मी आता तिच्या डाव्या बाजूने चालते.